मोम्पोस (कोलंबिया) येथील दोन दिवसांबाबत मदत हवी आहे

येत्या जानेवारीत कार्ताहेनाहून बसने माग्दालेना नदीकाठच्या मोम्पोसला जाऊन दोन रात्री राहण्याचा विचार आहे. सोबत आई असेल. तिला सपाट रस्त्यावर चालता येते, मात्र गुडघ्यांमुळे उंच पायरी चढवत नाही. १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे गाव लहान असल्यामुळे नदीकाठची जुनी घरे आणि सांता बार्बारा चर्चचा सज्जा असलेला अष्टकोनी मनोरा सकाळीच, ऊन चढण्याआधी, पाहून होईल. (दुपारी तेथे सावलीत बसण्यापलीकडे काही सुचत नाही म्हणतात!)

अडचण पिहिन्योच्या पाणथळ सरोवराकडे जाणाऱ्या होडीची आहे. मुक्कामाच्या ठिकाणी दोनदा ईमेल पाठवले, पण उत्तरात फक्त दुपारची वेळ कळवली; होडीत चढण्याच्या सोयीबद्दल अक्षरही नाही. स्पॅनिश आम्हांला कामापुरतेच येते आणि होडीसाठी कार्ताहेनाहून पूर्ण सहल घेण्याइतका खर्च परवडणारा नाही.

आईला केसासारख्या चांदीच्या तारा पिळून, वळवून केलेले तेथील तारकाम कारागिराच्या हाताखाली घडताना पाहायचे आहे; नुसते दुकान नको. तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: होडीत धक्क्यावरून थेट पाऊल टाकता येते की उतरंडीवरून खाली उतरावे लागते, आणि आधी न ठरवता गेल्यास कारागीर काम दाखवतात का?