डबे फिरवायला परदेश कशाला? सडावासींना उत्तर

बंदररोड

परवा सडावासींनी इथे लिहिलं की त्यांच्या मेव्हण्याची मुलगी इंग्लंडात शिकायला गेली आणि आता एका मानसिक आरोग्याच्या संस्थेत बिनपगारी इंटर्नशिप करतेय. काम काय, तर देणग्यांसाठी शर्यती, चालण्याचे कार्यक्रम, क्विझ नाइट भरवायच्या. त्यावर त्यांचा शेरा: "बापाने बाग तारण ठेवून पाठवली ती डबे फिरवायला? वेड्यांचीच सेवा करायची तर रत्नागिरीत हॉस्पिटल आहे की." खाली बऱ्याच जणांनी अंगठे दिले. मी तिकडे शिकताना हेच काम केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी देणगीच्या डब्याचं सांगते. तिकडे ती झाकणाची बादली असते. झाकणाला नंबराचं सील. सील फोडताना दोन माणसं समोर हवीत. नाणी मोजायची, आकडा कागदावर, खाली दोघांच्या सह्या. एकट्याने बादली उघडली तर आत पैसे बरोबर असले तरी चालत नाही. दाता कर भरणारा असेल आणि त्याने गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही केली, तर एका पौंडामागे २५ पेन्स संस्थेला सरकारकडून मिळतात. म्हणून नाव, पत्ता, सही नीट घेणं हेही कामच.

आणि माणसं! लंडन मॅरेथॉनमध्ये संस्था काही जागा विकत घेतात, धावणारा त्या बदल्यात ठरलेली रक्कम जमवून देतो. यातले कितीतरी जण घरातलं माणूस गमावल्यावर धावायला आलेले असतात. पाण्याच्या टेबलाशी एक बाई थांबते, मुलाचा फोटो छातीवर, आणि बोलायला लागते. तिला काय म्हणायचं, काय अजिबात विचारायचं नाही, कुणाच्या हवाली करायचं, हे स्वयंसेवकांना आधी बसवून शिकवतात. तिची गोष्ट वेबसाइटवर घालताना मुलगा कसा गेला याचं वर्णन येऊ द्यायचं नाही, हेही. ही अक्कल मला इथल्या कुठल्या कॉलेजात मिळाली नव्हती.

आपल्याकडे पोराला हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की व्हॉट्सॲपवर संध्याकाळपर्यंत पैसे जमतात. तेच पोर डिप्रेशनने कॉलेज सोडून घरी बसलं तर आई शेजारी सांगते, कावीळ झालीय. त्या आईसाठी वर्गणी कोण काढणार?

सडावासी

ताई, लेख छान. पण माझा प्रश्न पैशाचा होता, तो तुम्ही बाजूला ठेवलात. बिनपगारी राबवून घेणं म्हणजे वेठबिगारी, मग ती मुंबईत असो की मँचेस्टरात. त्या संस्थेच्या साहेबाला पगार आहे ना? मग पोरीला का नाही? खोलीचं भाडं, बसचा पास, जेवण हे सगळं मेव्हणा इथून धाडतो. थ्रिप्स किडीने आंब्याचा मोहोर करपला, उरलेल्या मालाला कॅनिंगवाला देईल तो भाव, त्यातून हप्ते. झोप मेव्हण्याची उडालीय, तिच्यासाठी कुणी पिवळा टीशर्ट घालून पाच किलोमीटर चालत नाही.

पूर्णगडची

बिनपगारी बाबतीत सडावासी बरोबर आहेत आणि बंदररोड, तू हे मान्य करायला हवं. तिकडचा किमान वेतनाचा कायदा धर्मादाय संस्थांच्या स्वयंसेवी कामगारांना लागू होत नाही, त्याचा फायदा घेतला जातो. शिवाय विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि ठरलेल्या वेळेचं, जबाबदारीचं बिनपगारी कामही त्याच २० तासांत धरतात. म्हणजे पोरगी तिथे राबते तेवढे हॉटेलातल्या पगाराचे तास जातात. माझ्या भावाच्या बाबतीत हेच झालं. तिकीटभाडं आणि दुपारचं सँडविच, बस्स. सर्टिफिकेटवर घरभाडं भरता येत नाही.

बंदररोड

पगार द्यायला हवा, यावर माझा वाद नाही. ज्यांना परवडतं त्यांनीच शिकायचं, हे अन्यायाचं आहे. पण म्हणून काम हलकं ठरत नाही. आणि पिवळ्या टीशर्टची थट्टा नको. आयर्लंडमध्ये आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या पिएटा या संस्थेसाठी ती पिवळ्या टीशर्टवाली पहाटेची चाल २००९ मध्ये डब्लिनच्या फीनिक्स पार्कात सुरू झाली. काही शे माणसं होती. आज ती देशभर गावोगावी निघते. चालून आजार बरा होतो असं कुणी म्हणत नाही. समुपदेशकाचे पगार त्यातून निघतात.

परळ चाकरमानी

अहो, पैसे गोळा करायला कोकणी माणसाला गोऱ्याने शिकवायचं? शिमग्यात, गणपतीत, देवळाच्या जीर्णोद्धाराला दर चुलीमागे वर्गणी ठरते, एक घर सुटत नाही. पालखी देवळात बसली की हिशेब सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचतात. नारळ किती, पेट्रोमॅक्सचं भाडं किती, रुपया न् रुपया. तुमच्या सीलबंद बादलीपेक्षा हे शंभरपट उघडं आहे. इंटर्नशिप करायची तर आमच्या मंडळात करा.

पूर्णगडची

कुठल्या गावात वाचतात हो? आमच्याकडे सभामंडपाचा हिशेब कित्येक वर्षं कुणी पाहिलेला नाही. विचारलं की "देवाच्या कामात संशय घेता?" चाकरमान्यांना दुप्पट वर्गणी लावतात आणि नाही दिली तर पालखी दारात थांबत नाही. माझ्या विधवा काकूच्या दारावरून पालखी पुढे नेली. ती ओटी घेऊन उभी होती. याला वर्गणी म्हणतात की खंडणी?

परळ चाकरमानी

एका गावावरून सगळ्या कोकणाला बोलू नका. आमची मुंबईची मंडळी खोलीत दाटीवाटीने राहून गावच्या शाळेला पत्रे घालतात. तुम्ही देवस्थानाबद्दल असं बोलता हे शोभत नाही.

पूर्णगडची

शोभण्याचं मला शिकवू नका. हिशेब विचारला की देव पुढे करायचा, हेच तर चाललंय.

बंदररोड

एकच विचारते. तो हिशेब वाचतात तेव्हा बायका कुठे असतात? आमच्याकडे चुलीशी, दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची तयारी करत. आणि महाराष्ट्रात धार्मिक वा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, हे किती मंडळांना माहीत आहे?

तारकर्लीकार

ह्या वर्गणीचो इषय हयसर कित्याक काढल्यात? मूळ प्रश्न काय होतो आणि तुम्ही खंय पोचल्यात! आमच्याकडे माणूस असो आजारी पडलो की पयलो देवळात, मगे गाऱ्हाणा, मगे देवस्की बघूक. डॉक्टर शेवटाक. ता चेडू तिकडे काय शिकता ता शिकांदे. निदान ह्या गोष्टीचा नाव तरी मोठ्यान घेतला जाता.

निवृत्त सिस्टर

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. सरकारी मनोरुग्णालयात माझी नोकरी झाली. सडावासी, तुम्ही "वेड्यांची सेवा" लिहिलंत ते मनाला लागलं. राज्यात अशी चार प्रादेशिक रुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. लोकांना वाटतं आत गेलेला माणूस कायमचा आत. तसं नाही. औषध लागू पडतं, माणूस तांदूळ निवडायला लागतो, स्वतःहून वेणी घालून घेतो, आणि मग दर रविवारी फाटकाकडे बघत बसतो. नातेवाईक येत नाहीत. पत्र परत येतं, पत्ता खोटा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांना समाजात राहण्याचा हक्क दिलाय, निव्वळ घर नाही म्हणून संस्थेत ठेवता येत नाही. पण न्यायला कोण येणार? कर्जतला डॉ. भरत वटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम हेच आहे, रस्त्यावरच्या रुग्णाला बरं करून त्याच्या घरी पोचवायचं. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. रेल्वेचं तिकीट, सोबत जाणारा कार्यकर्ता, पुढच्या औषधाची सोय, हा सगळा खर्च देणगीवरच चालतो.

दहा वेळा "आत" येऊन फळं वाटून फोटो काढणाऱ्यांपेक्षा मला अशी एक मुलगी हवी, जी वर्षभर पैसे येत राहतील अशी घडी बसवेल. फळवाटपाच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात काय उरतं ते आम्ही पाहिलंय. केळ्यांची सालं.

सडावासी

सिस्टर, शब्द चुकीचा गेला असेल तर तो काढतो. मुद्दा नाही काढत. तिकडे एवढा पैसा जमतो तर त्यातला थोडा इकडे पाठवा म्हणावं. पोरीला कशाला अडकवता?

बंदररोड

इथेच खरी अडचण आहे. परदेशी देणगी घ्यायला इथल्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावी लागते, आणि मुंबईच्या मोठ्या संस्थेला आपल्याला आलेली परदेशी देणगी गावाकडच्या छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही. लांज्यातल्या किंवा देवगडातल्या चार माणसांच्या संस्थेपर्यंत तो पाउंड पोचतच नाही. पैसा येणार नसेल तर पैसा जमवायची विद्या तरी आणूया. म्हणून ती पोरगी तिकडे शिकतेय ते मला मोलाचं वाटतं. सरकारची टेलिमानस १४४१६ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तीही चांगलीच. पण फोन ठेवल्यावर तालुक्याच्या गावी भेटायला समुपदेशक हवा, आणि त्याचा पगार आपल्यालाच काढावा लागेल.

परळ चाकरमानी म्हणतात ते एक घ्यावंसं वाटतं. चुलीमागे थोडं थोडं, एक घर न सोडता, आणि हिशेब सगळ्यांसमोर. फक्त या वेळी बायकाही समोर बसलेल्या, आणि ज्याला जमत नाही त्याच्या दारावरून काही पुढे जायचं नाही.

परळ चाकरमानी

हे पटलं. देवस्थानाबद्दल जे लिहिलं गेलं ते मात्र पटलेलं नाही, नोंद असू द्या.

सडावासी

मुलगी परत आली आणि बागायतदारांच्या मेळाव्यात उभी राहून हे बोलली, तर पहिली पावती मी फाडायला सांगेन. दोन अटी. पैसा जिल्ह्यात राहिला पाहिजे, आणि तिच्या हाताखाली जी पोरं काम करतील त्यांना महिन्याचं काहीतरी हातावर ठेवायचं.

बंदररोड

दोन्ही मान्य. मेव्हण्यांमार्फत तिला एक निरोप द्या. निघण्याआधी तिकडच्या कार्यक्रमाच्या बजेटचा नमुना, बादली मोजायचा कागद आणि स्वयंसेवकांना देतात ती सूचनांची पानं मागून घे म्हणावं. बहुतेक संस्था देतात. मराठीत करायला मी बसेन तिच्यासोबत.

सडावासी

निरोप देतो. मेव्हण्याचं कर्ज फिटेपर्यंत बाकीचं मत तेच राहील.