फ्यूज (आपल्या प्रोग्रॅममधून फाइलसिस्टिम बनवायची लिनक्सची सोय): कंट्रोलरची फाइल दिसते, पण कॅट (फाइल वाचून दाखवणारी कमांड) केलं की रिकामी

प्रश्न (तासगाव)
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ८ चेंबर आहेत, प्रत्येकाला मॉडबस आरटीयूवर (यंत्रांनी तारेवरून बोलायची पद्धत) चालणारा तापमान कंट्रोलर. सगळ्यांना मिळून आरएस-४८५ ची एकच तार (लाइन), वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिबफ्यूज ३ ही फ्यूजची लायब्ररी वापरून सी मध्ये फाइलसिस्टिम लिहिली आहे. चेंबरमागे एक फोल्डर, त्यात ‘तापमान’ आणि ‘सेटपॉइंट’ (ठरवून दिलेलं तापमान) या फाइली. एलएसला (फाइलींची यादी) नावं दिसतात, कॅटला काहीच येत नाही. सेटपॉइंटमध्ये एकोने आकडा लिहिला की ‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’.

प्रतिसाद (मिरज)
गेटअ‍ॅटरमधून (फाइलची माहिती देणारं तुमचं फंक्शन) तुम्ही साइज ० देताय. कर्नल (लिनक्सचा गाभा) ती खरी मानतो आणि तुमच्या रीडपर्यंत येतच नाही. ओपनमध्ये डायरेक्ट-आयओ १ करा, म्हणजे कर्नल साइज न बघता थेट तुमच्या रीडला विचारतो. खोटी ४०९६ साइज देऊ नका. उरलेल्या जागी शून्य बाइट भरले जाऊ शकतात.

कॅट पुन्हा रीड करतं, तेव्हा ऑफसेट (कुठून वाचायचं ती जागा) पुढे गेलेला असतो. तिथे ० परत द्या, नाहीतर तोच आकडा अखंड छापत राहील. आकडा ओपनच्या वेळी एकदाच घेऊन एफएचमध्ये (उघडलेल्या फाइलचं हँडल) ठेवा, रिलीजमध्ये (फाइल बंद होताना) मोकळा करा.

एकोचं कारण वेगळं. ‘>’ ने शेल आधी फाइल रिकामी करायला बघतं. ट्रंकेट आणि राइट ही दोन्ही फंक्शनं लिहिलेली हवीत. ट्रंकेटमध्ये नुसतं ० परत द्या, बाकी काही नको. राइटमध्ये शेवटचा न्यूलाइन धरून सगळे बाइट मोजून परत करा. मर्यादेबाहेरच्या आकड्याला ईइनव्हॅल (चुकीची किंमत) ही एरर द्या.

प्रतिसाद (विटा)
वरचं बरोबर आहे, पण ओपन किंवा रीडमधून थेट लाइनवर जाऊ नका. एका रजिस्टरला विचारणा ८ बाइट, उत्तर ७. म्हणजे ९६०० ला साधारण १७ मिलिसेकंद नुसते तारेवर. एखादा कंट्रोलर बंद असला तर पूर्ण टाइमआउट होईपर्यंत वाचणारा अडकतो. कोणी ग्रेप -आर (सगळ्या फाइलींत शोध) मारला तर आठही चेंबरची रांग लागते.

कंट्रोलर वाचणारा वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममधलं समांतर काम) सतत फिरवा, फाइली मेमरीतून द्या. सेटपॉइंटचं लिहिणंही त्याच थ्रेडकडे सोपवा, कारण लाइनवर एका वेळी एकच व्यवहार चालतो. आकडा १० सेकंदांपेक्षा शिळा झाला की ईआयओ (वाचता आलं नाही ही एरर) द्या. कॉम्प्रेसर बंद पडलेला असताना जुनं ४ अंश दाखवणं सगळ्यात घातक, माल त्यातच जातो.

थ्रेड मेनमध्ये नाही, इनिट कॉलबॅकमध्ये (सुरुवातीला फ्यूज स्वतः बोलावतं ते फंक्शन) सुरू करा. फ्यूज पार्श्वभूमीला जाताना फोर्क करतं, म्हणजे प्रोसेसची प्रत काढून पुढे ती चालवतं; आधी केलेला थ्रेड तिथेच संपतो.

प्रश्नकर्ता
या बदलांनी दोन्ही सुटलं. आता सुडो कॅटला (रूट, म्हणजे मुख्य यूजर म्हणून कॅट) ‘परमिशन डिनाइड’ का?

प्रतिसाद (मिरज)
माउंट करणाऱ्याशिवाय (फाइलसिस्टिम जोडणाऱ्या यूजरशिवाय) फ्यूज कोणालाच आत येऊ देत नाही, रूटलासुद्धा. ‘अलाउ अदर’ देऊन माउंट करा. त्यासाठी फ्यूजच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘यूजर अलाउ अदर’ या ओळीच्या सुरुवातीचं # काढून ती चालू करावी लागते. प्रोग्रॅम मध्येच पडला आणि ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट’ची एरर आली, तर फ्यूजरमाउंट३ -यू (माउंट काढणारी कमांड) करून मगच परत माउंट करा.