स्नेप ३१ वर्षांचा, पडद्यावर ५४ का?

तिसरी घंटा (फोंडा)

गेल्या आठवड्यात भाचीसोबत 'हॅरी पॉटर'चा शेवटचा भाग पुन्हा पाहिला. तिची सातही पुस्तकं नुकतीच वाचून झालीत. सातवं तिने मांडीवरच उघडून ठेवलं होतं. हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावरच्या तारखा असलेलं पान काढून म्हणाली, "मामा, जन्म १९६०, मृत्यू १९८१. म्हणजे लिली २१ वर्षांची होती. मग इथे ती आमच्या आईएवढी कशी दिसते?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. हॅरीचा शाळेतला मास्तर स्नेप हा हॅरीच्या आईच्या, लिलीच्याच वर्गातला. म्हणजे हॅरी शाळेत येतो तेव्हा तो ३१ वर्षांचा. स्नेप करणारे ॲलन रिकमन यांचा जन्म १९४६चा, पहिल्या भागाचं चित्रीकरण २०००मध्ये सुरू झालं तेव्हा ते ५४चे. त्यांच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार पात्रनिवडीची आहे. विशीत एक भयंकर चूक केलेला आणि तिथेच अडकून पडलेला तरुण मास्तर, हे त्या माणसाचं दुःख आहे. पन्नाशीचा माणूस उभा केला की तो नुसता जुना खडूस मास्तर वाटतो.

पर्याय नव्हता असंही नाही. या भूमिकेसाठी आधी टिम रॉथ यांचं नाव होतं, जन्म १९६१. त्यांनी 'प्लॅनेट ऑफ द एप्स' घेतला आणि हा सोडला.

पेडण्याचा प्रेक्षक

अजिबात पटलं नाही. आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार चालतो. पन्नाशीचा स्त्रीपार्टी द्रौपदी करतो, गालावर दाढीची निळी झाक दिसत असते. पण एकदा त्याने कृष्णाचा धावा सुरू केला की पुढे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. वय कुणीही मोजत नाही.

आणि रिकमन यांच्याकडे जे होतं ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. स्नेपच्या मनातलं खरं काय (लिलीवरचं प्रेम), त्याची एक लहानशी खूण लेखिकेने त्यांना फार आधी सांगून ठेवली होती. सातवं पुस्तक आलं २००७ला. तोवर सगळं जग अंधारात आणि हा माणूस एकटा ते पोटात ठेवून काम करतोय! २००४चा तिसरा भाग लावा. ल्यूपिन या मास्तराचा लांडगा होतो तेव्हा स्नेप झटकन तिन्ही मुलांच्या पुढे येतो, हात पसरून त्यांना पाठीशी घेतो. पुस्तकात हे नाहीच, तिथे तो त्या वेळी बेशुद्ध असतो. त्या एका हालचालीत पुढचा सगळा स्नेप आहे. ३१ वर्षांचा नट आणून हे मिळालं असतं याची खात्री कोण देणार?

तिसरी घंटा (फोंडा)

दशावताराचं उदाहरण इथे लागू होत नाही. देवळाच्या अंगणात आपण दहा हात लांब बसतो, रंगवलेला चेहरा पाहायचा हे आधीच ठरलेलं असतं. कॅमेरा नाकाशी येऊन थांबतो. शिवाय या मंडळींनी बारकाव्याचं व्रतच घेतलं होतं. जादूच्या छड्यांच्या दुकानासाठी १७ हजारांवर खोकी केली, प्रत्येकावर वेगळी चिठ्ठी. ती खोकी पडद्यावर किती वेळ दिसतात? ज्यांनी तेवढं केलं त्यांना माणसांची वयं जुळवणं जड नव्हतं.

रंगपट (साखळी)

मी गेली बरीच वर्षं उत्सवाच्या नाटकांना रंगभूषा करते. वयाचं सोडा, मला डोळ्यांचं बोलायचं आहे. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे, आईसारखे. डॅनियल रॅडक्लिफचे निळे. त्याला हिरव्या लेन्स घालून पाहिल्या, पण त्या सोसेनात, म्हणून काढल्या. अगदी योग्य केलं. एका उत्सवात मी एका मुलाला मिशी चिकटवली. दुसऱ्या अंकापर्यंत ओठावर लाल चट्टा उठला, त्याचा हात सारखा तिकडे जायला लागला आणि वाक्यं सुटायला लागली. तिसऱ्या अंकाआधी मी मिशी उतरवली. मुलगा मोकळा बोलला, आणि मिशी कुठे गेली असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. मरताना स्नेप हॅरीला म्हणतो, तुझे डोळे तुझ्या आईचे आहेत. सगळी कथा त्या वाक्यावर टांगलेली. आणि लगेच त्याच्या आठवणींत जी लहान लिली दिसते तिचे डोळे तपकिरी! हिरवे नकोत, हॅरीसारखे निळे तरी हवे होते. निळ्या डोळ्यांची मुलगी शोधता आली असती, संगणकावर रंग बदलता आला असता. हा हलगर्जीपणा आहे.

सत्तरी तालुक्यातला वाचक

काका, एक गोष्ट राहून जातेय. पात्रनिवड झाली २०००मध्ये, तेव्हा चारच पुस्तकं बाजारात होती. लिली २१व्या वर्षी गेली हे थडग्यावरच्या तारखांवरून कळलं २००७मध्ये. न लिहिलेल्या पुस्तकाप्रमाणे वय कसं जुळवणार? लेखिका सांगायची तेवढंच त्यांना कळायचं. पाचव्या भागात क्रीचर हा घरगडी बुटका गाळायचं चाललं होतं. त्याला ठेवा, पुढे अडचण होईल, असं तिने सांगितलं म्हणून तो राहिला.

तिसरी घंटा (फोंडा)

हा मुद्दा खरा आहे. २०००च्या निवडीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. 'रंगपट'ताई, तपकिरी डोळ्यांचं माझ्या नजरेतून सुटलं होतं. भाचीला दाखवलं तर तिला ते आधीच दिसलं होतं.

पण २०११च्या भागाचं काय? तोवर सगळ्यांना सगळं माहीत होतं. मेलेल्या लिलीला कवटाळून स्नेप जमिनीवर बसून रडतो, तेव्हा कथेत दोघंही २१चे. पडद्यावर साठी उलटलेला नट आणि चाळिशी ओलांडलेली नटी. रिकमन त्यात जीव ओतून रडतात, मलाही गलबलून येतं. तरी माझ्यासमोर एक म्हातारा रडतो, पोरगा रडत नाही. त्या दोन मिनिटांसाठी तरुण नट घ्यायला हवे होते.

पेडण्याचा प्रेक्षक

आणि मग इतकी वर्षं ज्याने ते गुपित सांभाळलं, त्याला नेमक्या त्याच क्षणी बाजूला बसवायचं? काका, ते रडणं त्यांचंच होतं. ते दुसऱ्याला द्यायचं नसतं.