झेनला बसताना श्वास मोजायचा की येशूचं नाव घ्यायचं?

वसईची_पोर: मी मूळची वसईची, लग्न होऊन मडगावात आले. पुढच्या महिन्यात कोडाईकनालजवळ पेरुमलमलईला बोधी झेंडोत, म्हणजे झेन (जपानी बौद्ध पद्धतीच्या) ध्यानकेंद्रात, पाच दिवस बसायला जायचंय, तिकीट काढलंय आणि घरात महाभारत. सासूबाई म्हणतात, तिकडे बुद्धापुढे वाकणार आणि इकडे येऊन रविवारी कम्युनियन घेणार का? सवय म्हणून घरीच रोज २५ मिनिटं बसतेय, एक ते दहा श्वास मोजायचे नि परत एकपासून. पण तीनवर पोचेस्तोवर आपोआप 'नमो मारिया' ही प्रार्थना सुरू होते, बाराव्या मिनिटाला डावा पाय मेलेला असतो आणि हात गाऊनच्या खिशातल्या रोझरीच्या माळेवर. हे चालतं का? कोणी ख्रिश्चन जाऊन आलंय?

उशीवाला: मी दोनदा गेलोय, मिस्सा चुकवणाऱ्यातला नाही. ते सुरू करणारे आमा सामी स्वतः जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातले फादर, जपानात कामाकुराला झेनगुरू यामादा कोउन यांच्याकडे शिकले, १९९६ ला हे केंद्र काढलं. त्यांच्याही आधी लासाल नावाचे जर्मन जेझुइट, हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये जखमी झालेले, ते त्याच यामादांकडे बसायचे आणि शेवटपर्यंत फादरच राहिले. वाकण्याचं म्हणशील तर झेनमध्ये बसण्याआधी स्वतःच्या उशीलाही वाकतात, आता उशीला कोण देव मानतं सांग. नाव आलं तर येऊ दे, ढकलू नको, पण ओढूनही आणू नको. मोजायचं तर मोज, जप करायचा तर जप कर, दोन्हीची खिचडी केलीस की झोप लागते, अनुभवाचे बोल.

जुन्या_वळणाचा: उशीचं ठीक आहे हो, पण प्रार्थना म्हणजे कोणाशी तरी बोलणं, तिथे समोर कोणी नाहीच तर बोलायचं कोणाशी? १९८९ चं व्हॅटिकनचं पत्र वाचा, रात्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट झाले ते) यांच्या सहीचं, झेनचं नाव घेऊन लिहिलंय त्यात. सरसकट बंदी नाही, उपयोगाचं ते घ्या म्हणतात, पण अंगात ऊब वाटली, शांत वाटलं म्हणजे पवित्र आत्माच आला असं धरून चालू नका. मला तरी हे पटतं. रिट्रीटहून परत आलेले काही लोक असं हसतात की भीती वाटते.

उशीवाला: 😄 ते हसणं पाच दिवसांनी गुडघे सुटल्याचं असतं.

फोंड्याचा_भट: मी हिंदू, मध्ये तोंड घालतो. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस काढलेत, तिथे जपमाळ बाजूला ठेवायला लावतात, आईनं दिलेली तुळशीची माळ काढताना मलाच चोरी केल्यासारखं झालं होतं. तेव्हा ताई, रोझरीचं काय ते जायच्या आधी मेल करून विचार. बाकी धर्म बुडायचं टेन्शन नको, स्टीफन्स पाद्रींनी आपल्याच गोव्यात येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, रायतूरला १६१६ मध्ये छापली, तेव्हाही 'हे चालतं का' विचारणारे असतीलच. आणि पाय मरत असेल तर उशीखाली जाड चादर घाल, ढुंगण गुडघ्यांपेक्षा वर पाहिजे, मग पायाची नस दबत नाही.

वसईची_पोर: चादर घातली, आज अठरा मिनिटं पाय जिवंत होता. सासूबाईंना उशीचं सांगितलं तर म्हणाल्या, उशीलाच वाकायचं तर घरची कापसाची काय वाईट आहे, तिकिटाचे पैसे वाचव. मेल केलाय, उत्तर आलं की टाकते. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खुर्चीवर बसलं तर चालतं का तेही विचारलंय, मला नाही, त्यांनाच हवंय.