नेक्सॉन की ब्रेझा? बाबांचे गुडघे धरून सांगा

ट्रॅफिकग्रस्त:
तीन महिने घरात हाच विषय चालूय, आता तुम्हीच सोडवा. पेट्रोल ऑटोमॅटिक हवीय, रोजचं बंपर टू बंपर ट्रॅफिक, बायको पण चालवणार, महिन्यातून एकदा पाच जण सामानासकट घाट चढणार आणि बाबांचे गुडघे कामातून गेलेत. कापत कापत टाटाची नेक्सॉन आणि मारुतीची ब्रेझा यावर आलोय. बायको म्हणते नेक्सॉन, मी म्हणतो ब्रेझा, बाबा म्हणतात आहे तीच चालवा.

पाचतारे:
यात विचार कसला करायचा? नेक्सॉन. २०१८ ला ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या आपटून सुरक्षेला स्टार देणारी संस्था) पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी, नंतर चाचणी कडक झाली तरी २०२४ ला परत पाच, आणि यावेळी लहान मुलांच्या सुरक्षेतही. ब्रेझावाले चार स्टार सांगत फिरतात ते २०१८ चे, जुन्या विटारा ब्रेझाचे. आत्ता विकतात ती २०२२ ची गाडी, वेगळी.

क्लचप्लेट:
स्टार मोजणाऱ्यांनी आधी मागच्या सीटवरचे बेल्ट लावतात का ते बघावं. सहा एअरबॅग आता दोन्हीत मिळतात. रोज ट्रॅफिकमध्ये घासायचंय म्हणजे गिअरबॉक्स बघा, आणि ब्रेझाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे (इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते), ब्रेक सोडला की गाडी आपली हळूच सरकते, विषय संपला. नेक्सॉनमध्ये मिळते ती एएमटी म्हणजे आत मॅन्युअलच, फक्त क्लच आपल्याऐवजी मशीन दाबतं. माझ्याकडे आधी एक एएमटी होती (कुठली ते नाही सांगत), बेसमेंटच्या रॅम्पवर पुढचा थांबला की ब्रेकवरून पाय अॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी वीतभर मागे, आणि मागचा हॉर्नवर हात ठेवून बसलेला. दोन वर्षं रोज सकाळी हेच.

पाचतारे:
नेक्सॉनची एएमटीच घ्या असं कोण म्हणालं? सात गिअरचा डीसीए ऑटोमॅटिक पण आहे की. ड्युअल क्लच, आणि क्लच ऑइलमध्ये भिजलेले असतात त्यामुळे कोरड्या क्लचसारखे पटकन तापत नाहीत.

क्लचप्लेट:
आहे, पण वरच्या व्हेरिअंटला. तेवढे पैसे मोजायचे तर मोजा.

घाटकरी:
पाच जण आणि भरलेली डिकी म्हणताय ना, मग आकडे बघा. ब्रेझाचं दीड लिटरचं इंजिन गुणी आहे, चार सिलिंडर, मऊ चालतं, पण टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नाही. १३७ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद), तो पण ४४०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे). म्हणजे वळणावर वेग तुटला की गिअर खाली पाडून इंजिन ओरडवायचं. नेक्सॉनचं इंजिन १.२ लिटर, तीनच सिलिंडर, पण टर्बोमुळे १७० मिळतो, १७५० पासूनच. उलट बाजू पण सांगतो, टर्बोचं मायलेज तुमच्या पायावर असतं. पाय जड असेल तर पंपवाला नावानिशी ओळखायला लागतो.

जमाखर्च:
टॅक्सचं कोणी बोलतच नाही. दोन्ही गाड्या ३९९५ मिलिमीटर, चार मीटरच्या आत, म्हणून लोकांना वाटतं टॅक्स सारखाच. नाही. छोट्या पेट्रोल गाडीसाठी इंजिनची मर्यादा १२०० सीसी, नेक्सॉन ११९९, ब्रेझा १४६२. २२ सप्टेंबर २०२५ पासून पहिलीला १८ टक्के जीएसटी, दुसरीला ४०.

क्लचप्लेट:
गाडी घेतोय की टॅक्स स्लॅब? तो टॅक्स किमतीत धरूनच पाटी लागते, दोन्हीच्या ऑन रोड किमती शेजारी ठेवा की झालं.

जमाखर्च:
शेजारी ठेवल्यावर फरक कुठून आला तेच सांगतोय ना राव. बावीस टक्के तुम्ही इंजिनच्या साइजचे देताय, जास्तीच्या गाडीचे नाही.

मोजपट्टी:
मागच्या जागेवरून भांडू नका प्लीज, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ब्रेझाचा २५०० आणि नेक्सॉनचा २४९८, दोन मिलिमीटरमध्ये गुडघा मावत नाही. डिकी मात्र नेक्सॉनची ३८२ लिटर आणि ब्रेझाची ३२८. पण हे पण कागदावरचं, बाबांचा वॉकर असेल तर घेऊन जा आणि आडवा घालून बघा. बसताना हँडल धरून आधी बूड टेकवून मग पाय आत घेता येतात का ते त्यांनाच करू द्या, सेल्समनने दार धरलं की सगळंच सोपं वाटतं.

ट्रॅफिकग्रस्त:
शनिवारी जाऊन आलो. ब्रेझात बाबा हँडल न धरता बसले, नेक्सॉनमध्ये हात लागला पण उतरताना त्रास नाही. वॉकर दोन्हीत मावला. बायकोने डीसीए चालवली आणि तेव्हापासून ती माझ्याशी या विषयावर बोलतच नाहीये, थेट कर्जाचे हप्ते काढत बसलीय. मला अजून ब्रेझाच बरी वाटते, मागच्या सीटवर पाठ छान टेकते.

मोजपट्टी:
एक मिनिट, मागे तर बाबा बसणार ना?

ट्रॅफिकग्रस्त:
नाही हो, बाबा पुढेच बसतात. घाटात बायको चालवते. मागे मी, मधल्या सीटवर.