मदत हवी आहे: अभ्यासिकेत वेप ओढतात, दम्याचा त्रास होतोय

मी एमपीएससीची तयारी करतेय, नाशिकला गंगापूर रोडच्या एका एसी अभ्यासिकेत बसते. दमा लहानपणापासूनचा, पण दोन वर्षं पंप जवळजवळ लागलाच नव्हता, या आठवड्यात तीनदा घेतला.

मागच्या रांगेतली दोन-तीन मुलं बसल्या जागी वेप, म्हणजे ई-सिगरेट, ओढतात. पेनड्राइव्हएवढी वस्तू, थंडीमुळे सगळ्यांच्या अंगात स्वेटर, त्याच्या बाहीत धरायची, पुस्तकावर वाकून झुरका घ्यायचा आणि बाहीतच सोडायचा, मिनिटभरात आंब्याच्या गोळीसारखा गोड वास माझ्या टेबलापर्यंत येतो आणि घसा धरतो. खिडक्या बंद, आणि स्प्लिट एसी काय खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, म्हणजे सगळेच तेच आत घेतोय.

मालक काकांना सांगितलं. माणूस चांगलाय, पण म्हणाले अगं ती नुसती वाफ, सिगरेट थोडीच आहे! वाफ नसते ना ती. निकोटीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची केमिकल्स, हे सगळं तापवून बारीक थेंब होतात आणि छातीत उतरतात.

कायदा वाचला. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, विकणं, आयात, साठा, जाहिरात सगळं बंद, पहिल्यांदा विकताना सापडला तरी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ओढणाऱ्याला शिक्षा कुठेच दिसली नाही. सार्वजनिक जागेतला २०० रुपये दंड आहे तो २००३ च्या कायद्यातला, तंबाखू ओढण्याचा. मग यांना अडवायचं कशाच्या जोरावर? तीन महिन्यांची फी भरून बसलेय, जागा बदलणं परवडत नाही. पोरांना पोलिसात द्यायचं मनात नाही, तीही माझ्यासारखीच टेन्शनमध्ये आहेत, फक्त आत ओढू नका एवढंच. काकांना कसं पटवू?

प्रतिसाद:
ताई, दंडाचं कलम शोधत बसू नका. स्वतःच्या जागेत नियम करायला काकांना कुणाची परवानगी लागत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवरच लिहायला सांगा, 'आत सिगरेट, ई-सिगरेट, वेप काहीही ओढल्यास जागा रद्द', आणि सही घ्या. आपल्या जागेत ई-सिगरेटचा साठा माहीत असून ठेवू देणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे, हे त्यांच्या कानावर घाला. आणि पोरांसाठी तंबाखू सोडवायची सरकारी हेल्पलाइन १८००-११२-३५६, फुकट आहे, तो नंबर नोटिशीखाली टाका.

धागाकर्ती:
थँक्यू दादा, फॉर्मचं डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनाही खोकला आहे, उद्या तिघी मिळून काकांकडे जातो, पंप सोबत नेते, आणि दर तासाला खिडकी उघडायचंही बोलते.