दहावीचं गणित फोनवरून शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

गणितबाई (जुलै 2020)

नमस्कार. माणगाव तालुक्यात एका संस्थेच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. 3 जूनच्या निसर्ग वादळात आमच्याकडे विजेचे खांब आडवे झाले, वीज आता कुठे टिकायला लागलीय. कोरोनामुळे शाळा बंद आहे, म्हणून नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे ऑनलाइन तास घ्या, असं शाळेनं सांगितलंय. निम्म्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, तोही वडिलांचा, आणि वडील सकाळी कामावर जातात. वाडीवरची मुलं रेंजसाठी टेकाडावर चढतात. वर्गसमीकरणं सुरू करायची आहेत. फळ्याशिवाय शिकवायची धास्ती आहेच, पण ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं दहावीचं वर्ष वाया जाईल या काळजीनं झोप लागत नाही. कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर सांगा.

पाटणचा मास्तर

मॅडम, मीही डोंगरातल्याच शाळेत गणित शिकवतो. शाळेचं वेळापत्रक तसंच्या तसं फोनवर आणू नका, एवढं सगळ्यात आधी सांगतो. केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांतसुद्धा नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त चार तासिका, त्याही 30 ते 45 मिनिटांच्या, असं दिलंय. मुख्याध्यापकांसमोर तो कागद ठेवा.

मी थेट तास फक्त रविवारी सकाळी घेतो, तेव्हा वडील आणि फोन दोघंही घरी असतात. एरवी छोटे व्हिडिओ. एका व्हिडिओत एकच उदाहरण, सहा-सात मिनिटांत संपणारं. व्हॉट्सॲपवर सध्या (2020) 16 एमबीच्या पुढचा व्हिडिओ जात नाही, आणि घरात एकाच फोनचा डेटा तीन भावंडांत वाटला जातो. संध्याकाळी पाठवा.

फळ्याचं म्हणाल तर वही पुरते. खिडकीजवळ टेबल घ्या, पुस्तकांच्या चळतीवर फोन असा ठेवा की कॅमेरा कडेबाहेर येऊन खाली वहीकडे बघेल. उजव्या हातानं लिहीत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या, नाहीतर हाताची सावली अक्षरांवर पडते. बॉलपेन दिसत नाही, स्केचपेन वापरा. पानावर चार-पाचच पायऱ्या, मग नवं पान. फोन एअरप्लेन मोडवर टाकायला विसरू नका, हमखास मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

वर्गसमीकरणाचं मधलं पद फोडताना ‘गुणाकार 54 आणि बेरीज 15 येईल अशा दोन संख्या कोणत्या?’ असं विचारून थांबा. ‘व्हिडिओ बंद करा, वहीत शोधा, मग पुढे बघा’ असं स्पष्ट सांगा. 9 आणि 6 आपणच लगेच सांगून टाकले तर मुलं फक्त बघत बसतात.

आता फोन नसलेल्यांचं. ‘फोन नाही’ म्हणणाऱ्या बहुतेक घरांत किंवा शेजारी बटणांचा फोन असतोच. त्यावर कॉन्फरन्स कॉल लागतो, माझ्या फोनवरून एका वेळी पाच जण जोडता येतात. पुस्तक समोर ठेवायला सांगतो, एकानं उदाहरण वाचायचं, दुसऱ्यानं पहिली पायरी सांगायची, तिसऱ्यानं पुढची. मी ऐकतो. मॅडम, वर्गात मागच्या बाकावर वर्षभर तोंड न उघडणारी मुलं या कॉलवर बोलतात! आता मी स्मार्टफोनवाल्यांचेही असेच गट केलेत. व्हिडिओ कुणाचाही बघता येतो, पण मूल नेमकं कुठे अडलंय ते असं ऐकल्याशिवाय कळत नाही. तुमचा वेळ तिथे घाला.

सातवी ब

सरांशी सहमत. एक भर घालते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुलींच्या घरचे नंबर असे उघडे पडू नयेत असं मला फार वाटतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. मात्र पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, म्हणून आधी एकेकाला फोन करावा लागेल. ग्रुपच हवा असेल तर मेसेज ‘फक्त ॲडमिन’ पाठवू शकेल असं सेटिंग लावा, नंबर मात्र तरीही दिसतील.

धाकटी भावंडं असतील त्यांना सांगा, 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झालीय, पहिली ते आठवीसाठी. धाकटा टीव्हीसमोर बसला की तेवढा वेळ मोठीला फोन मिळतो.

गणितबाई

सर, ताई, मनापासून आभार. आज वाडीवरच्या पालकांना फोन करायला बसते. एकच विचारते, वह्या कशा तपासायच्या? फोटो अंधुक येतात आणि माझ्या फोनची मेमरी भरते.

पाटणचा मास्तर

सगळी वही मागवू नका. पाच उदाहरणं द्या आणि त्यातल्या एकाचाच फोटो मागा, कोणत्याचा ते संध्याकाळी सांगा. फोटो दिवसाउजेडी, दारात वही ठेवून काढायला सांगा. तपासून झाल्यावर लाल पेननं शेरे लिहीत बसण्यापेक्षा मुलाचं नाव घेऊन अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा. बटणांच्या फोनवाल्यांच्या वह्या आमच्याकडे आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्या पालकांबरोबर येतात आणि पुढच्या बाजाराला परत जातात. तुमच्याकडे दूधवाला किंवा रेशन दुकानदार हे करेल का, विचारून बघा.